मुका चुगलखोर

३ नोव्हेंबर

अख्खी जिनिंग थांबवली मी आज. मोताळ्यात, घरच्या खुर्चीत बसून!

झालं असं — धामणगाव बढ्याच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, आमच्या कंपनीचं अ‍ॅप आहे. त्यातला लॉगर नुसती नोंद करत नाही; वजनकाटा बिघडला की काट्यावरच्या सहदेवकाकांना थेट मेसेज करतो. चुगलखोरच तो. खास मीच बनवलाय. आज टेस्ट घेताना मी काटा खोटा-खोटा बिघडवला. मेसेज मात्र खरा गेला — 'काटा बिघडला. गाड्या थांबवा.'

काकांचा फोन. "काटा तं चांगला हाये पोरी. मंग म्या कापसाच्या गाड्या काऊन थांबोल्या?"

"नेटवर्कचा घोळ असन, काका." साफ थाप.

४ नोव्हेंबर

पुण्याच्या ऑफिसातल्या आमच्या शौनक सरांना ती थाप पचली नाही. "समता, पुन्हा असं झालं तर घरून काम बंद. इथं येऊन बसायचं."

आई खूश. म्हणे, "जा नं मंग. पोळ्या तरी शिकशीन."

मला नाही जायचं. तिथं मी 'हो'ऐवजी 'हाव' म्हटलं तरी हसतात.

५ नोव्हेंबर

सापडला उपाय! टेस्टपुरता नकली लॉगर. त्यानं मेसेज पाठवायचा नाही, काय पाठवायचं होतं ते फक्त लक्षात ठेवायचं. टेस्ट त्याला तेवढंच विचारते. नाव ठेवलं 'मुका'. मग काय — टेस्टमध्ये काटा मनसोक्त मोडला. एकदा तर त्यावर हत्ती चढवला. काकांचा फोन गप्प, टेस्ट सगळ्या पास, हिरव्यागार. संध्याकाळी नवं अ‍ॅप जिनिंगवर चालू करून टाकलं.

७ नोव्हेंबर

सर म्हणाले, "एकही तक्रार नाही. छान. राहा मोताळ्यातच." दिवसभर शेखी मिरवली. आईला सांगितलं, पोळ्या तूच कर.

८ नोव्हेंबर

काकांचा फोन. "काटा हर गाडीले कापूस कमी दाखवून राह्यला. लोकं माह्या अंगावर आले. तुहा मेसेज नाई आला, म्हून म्या मोजतच राह्यलो."

अ‍ॅप उघडून पाहिलं. घाईत खऱ्या लॉगरच्या जागी मुकाच जिनिंगवर चढवलाय मी. काटा कालच बिघडलाय — त्यानं इमानदारीत लक्षात ठेवलंय.

सरांना अजून काहीच माहीत नाही. कळवणाऱ्याचंच तोंड मी बंद केलंय. आता मीच त्यांना फोन लावते. आईला म्हटलं, बॅग काढ.