दसऱ्याचं तेल

प्रिय पियूष पोरा,

पहिले तं शोभाताईच आली. मले वाटलं तुही गाडी पाहाले बोलावलेला नत्थू मिस्त्री आला, म्हणून तुरी पाखडत होती ते सूप तसंच ठेवून फाटक उघडलं, तं समोर ही! स्वानंद गेल्यापासून त्याच्या या मायनं आपल्या फाटकात पाय ठेवला नव्हता. दोन दोस्त सोबत वाढले, तिचा गेला, आन आमचा, म्हणजे तू, पुण्यात जाऊन बसला, 'मीच मारलं त्याले' म्हणत. काय तोंड दाखवावं तिले? तं ती आटोतून खोकं उतरवून म्हणते कशी, काकू, पाहत काय राहिल्या, धरा न, जड आहे भल्लं!

खोक्यात ब्रेकच्या चकत्या होत्या. स्वानंदनं तुह्या गाडीसाठी मागवलेल्या, दसऱ्याच्या आधी. चार महिने वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोदामात पडून होत्या. पोह्याच्या ताटाएवढी एकेक, भोकं भोकं पाडलेली. तो म्हणे न, पियूषनं इंजिनाचा जोर वाढवला, पण आता गाडीले थांबवन कोण? शोभाताई म्हणे, बसवून घ्या काकू, पोराची शेवटची वस्तू गोदामात काहून सडू द्यायची? मले रडू आलं तं उलट मलेच दटावलं. लय वाळली रे बाई. तुहं नाव मात्र तिनं एकदाही काढलं नाई.

मंग नत्थू आला. अपघातानंतर त्या दुसऱ्या मिस्त्रीनं नुसता पत्रा सरळ केला होता, ब्रेक कोणी खोललेच नव्हते. नत्थूनं चाक काढलं. नवी चकती जुन्या चाकात मावेच ना, चाकंच मोठी पाहिजेत म्हणे. मंग त्यानं चकतीले दाबून धरणारे जुने पॅड काढले, नाकाशी धरले, आन म्हणे, आजी, याले तेल कोणं पाजलं वं? जवसाचा वास येऊन राहिला.

मी म्हणलं, मी.

दसऱ्याच्या सकाळी तू आंघोळीले गेला होता. माह्या बापाच्या घरी दसऱ्याले बैलबंडीच्या आसाले तेल देत, चाक कुरकुरू नये म्हणून. तुह्या चाकाच्या जाळीतून ती चकती अशी चमकून राहिली होती, मले वाटलं तिलेच द्यायचं असते. पुढच्या दोन्ही चाकांत वाटी वाटी ओतलं, हौसेनं. वरून हळदीकुंकू. मंग तू आन स्वानंद त्याच गाडीनं सोनं वाटाले निघाले. नत्थूनं पाना खाली ठेवला. म्हणे, तेल पिलेला पॅड चकतीले धरतच नाई, पाय किती का दाबा. शोभाताई तवा आत चहा मांडून राहिली होती.

पोरा, मले किती आनंद झाला म्हणून सांगू! लोकं म्हणतीन म्हातारी चळली. पण तुहा पाय ब्रेकवरच होता! तू पोलिसाले तेच सांगत होता, दाबला पण गाडी थांबली नाई. तुह्या बापानं म्हणलं, वेगच तेवढा होता, आन तूही तेच धरून बसला. वेग होता, ते मी नाई म्हणत नाई. पण ज्यानं स्वानंद गेला, ते तेल ओतणारा हात माहा होता. नत्थूले म्हणलं, तू चूप राहा गा, शोभाताईले मीच सांगीन. ती थुंकन तोंडावर, नाई तं पुन्हा कधी येणार नाई. तिच्या कानी जायच्या आधी तुले कळावं म्हणून लिहून राहिली. फोनवर तं तू हूं पण करत नाई. आता ते 'मीच मारलं' म्हणू नको रे.

मोठी चाकं घेऊन नत्थू आन शोभाताई पुढच्या गुरुवारी येतो म्हणाले. तवाच सांगीन तिले.

तुहीच,
गोपिका आजी