बरे होऊन घरी गेले

पिंपळवाडी, ता. सिल्लोड
७ एप्रिल २००३

ती. दादास,
द्वारकेचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आम्ही इथं सुखरूप हाव असं लिहिते, बाकी तुला ठावंच. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, आला की भांड्यांपेक्षा भांडणंच जास्त. वहिनीनं पुंडलिकनगरच्या नव्या घराला पोपटी रंग दिला म्हणं. साहेब झालास, पण रंगाच्या बाबतीत तुझं काही चालत नाय वाटतं!

दादा, एक लई मोठी गोष्ट झाली. ह्यांनी काल आपण होऊन लेकीच्या, आवडीच्या डोक्यावर हात ठेवला आन दारू सोडतो म्हणाले. बारा वर्षांत पहिल्यांदा. पण घरी राहून सुटायची नाय, कुठंतरी भरती कर म्हणाले. तू तर सरकारी अनुदानाची व्यसनमुक्ती केंद्रंच तपासतोस. चांगलं कोणतं ते कळव. मन फिरायच्या आत नेलं पाहिजे.

तुझी,
द्वारका


पुंडलिकनगर, औरंगाबाद
१४ एप्रिल २००३

चि. सौ. द्वारकेस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून फार बरं वाटलं. दाजींना शाबासकी सांग. रंगाची थट्टा तुझ्या वहिनीला वाचून दाखवली, दोन दिवस बोलत नाही माझ्याशी.

शहराबाहेर, नवे प्लॉट पडलेत तिकडे, एक केंद्र आहे. डोळे झाकून ने. फेब्रुवारीतच मी त्याची तपासणी केली. तिसाच्या तीस खाटा भरलेल्या, पांढऱ्याशुभ्र चादरी, दाढी केलेले रुग्ण. मी ‘उत्तम’ असा शेरा दिला. काही अधिकारी न कळवता धाड टाकल्यासारखे जातात, ते मला पटत नाही. माणसं चांगलं काम करतात, दोन दिवस आधी फोन केला तर बिघडलं कुठं?

रेशनकार्ड बरोबर ठेव. माझं नाव सांगितलं की पुरे.

तुझा,
रामकिसनदादा


पिंपळवाडी
२५ एप्रिल २००३

ती. दादास,
नमस्कार. वि. वि.

नेलं होतं. डोळे उघडे ठेवून नेलं तेच बरं झालं. खाटा दोन. बाकी सगळ्या हॉलात कडब्याच्या पेंढ्या, पार छतापर्यंत. मालकाची जनावरं जगली पाहिजेत ना!

तिथल्या कारकुनानं रजिस्टरात ह्यांचं नाव बघितलं आन म्हणाला की सर्जेराव तर आमच्याकडं डिसेंबरातच भरती झाले, फेब्रुवारीअखेर बरे होऊन घरी गेले. एका माणसाला वर्षातून दोनदा घेता येत नाय, सरकारचा नियम आहे. मी ह्यांच्याकडं बघितलं, तर मान खाली.

एसटीत बसल्यावर सांगितलं. फेब्रुवारीत टेम्पो आला होता. आपल्या गावातली अकरा माणसं नेली, दाढ्या करून पांढरे सदरे घातले, साहेब आले की आता बरं वाटतं म्हणा असं शिकवलं. बदल्यात मटणाचं जेवण, आन परत येताना हातात बाटली. साहेब म्हणून आलास तू. मेव्हण्याला बघून ह्यांनी लाजेनं तोंडावर चादर ओढली. तू खाटेपाशी थांबलास आन पेशंटला झोपू द्या म्हणालास. चादर जरा उचलली असतीस, दादा!

आता कुठं नेऊ ते सांग. कालपासून पुन्हा प्यायला लागलेत. सरकारनं मला बरं केलंय म्हणतात आन हसतात. मला त्या हसण्याचं भ्या वाटतं.

द्वारका


पुंडलिकनगर
४ मे २००३

चि. सौ. द्वारकेस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. देवाशपथ सांगतो, मी कुणाचा पैसा घेतला नाही. चहा, शाल, नारळ, एवढंच. पण हे कुणापुढं बोलू नकोस. आपल्या पोरीचं, हिमानीचं लग्न जमत आलंय. भाऊ निलंबित झाला तर तुलाच वाईट वाटेल. गावातल्यांनाही समजावून सांग. पावसाळा लागला की मी स्वतः दाजींना दुसरीकडं नेईन. तोवर जरा सांभाळ.

तुझा,
दादा


पिंपळवाडी
५ जून २००३

दादास,
द्वारकेचा नमस्कार.

पावसाळ्याची वाट ह्यांनी बघितली नाय. तू दहाव्याला आलास, मांडवाच्या कडेला बसलास, डोळ्याला डोळा न देता गेलास. मनात राहिलं ते आज लिहिते.

मी वरच्या ऑफिसात अर्ज टाकला होता. परवा एक बाई आल्या, नव्या अधिकारी. फोन नाय, निरोप नाय. केंद्रातलं रजिस्टर घेऊन घरोघर फिरल्या. कागदावर बरी झालेली अकराच्या अकरा माणसं त्यांना पारापाशी पिऊन पडलेली सापडली. नाय, दहा.

मग माझ्या दारात बसून त्यांनी ह्यांचं पान वाचलं. रुग्णाच्या घरी समक्ष भेट दिली, दारूपासून दूर आहे, प्रकृती ठणठणीत. खाली साहेबाची सही. तारीख चोवीस मे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसाची.

तू न वाचताच केली असशील, मी वळखून हाये तुला. केंद्रवाल्यानं गठ्ठा पुढं ठेवला असंल आन तू पानं उलटत गेला असशील. पण त्यातलं एक पान माझ्या नवऱ्याचं होतं रे.

बाईंनी विचारलं की ही सही वळखता का. माझ्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते ह्याच हातानं लिहिले होते. मी वळखते म्हणाले. माझ्या सख्ख्या भावाची हाये म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं, मी वाचून बघितलं आन मग खाली सही केली.

हिमानीला आशीर्वाद. लोभ ठेवायचा का, ते आता तुझं तू बघ.

द्वारका