कांडवेल, चांदीची तार आणि पुढचे सहा दात

३ फेब्रुवारी १९३९, नंदुरबार
आरशात पाहिलं. पुढचे वरचे दात लांब झालेत. दिवाळीत एवढे नव्हते. म्हणजे वाढताहेत. पन्नाशीतही दात वाढतात, याचा अर्थ माझ्या जबड्याचं हाड तरण्या पोरासारखं आहे. बायकोला दाखवलं. सरला म्हणाली, दात वाढनात नही, हिरड्या वर गयात. बायकांना सायन्स कळत नाही.
संकल्प: उद्यापासून मशेरी बंद.

४ फेब्रुवारी
मशेरी लावली. एकदम सोडली तर शरीराला शॉक बसतो.

१२ फेब्रुवारी
लोणखेड्याचे उत्तमराव पाटील येऊन गेले. मुलीचं लग्न दहा मेला. म्हणाले, आमच्या मोठ्या पोरीच्या लग्नात नवरदेव मांडवात शिरताना तुम्ही क्लॅरिनेटवर जो लांब सूर धरला होता, त्याची गोष्ट अजून गावात निघते. तोच पाहिजे, आणि तुम्हीच धरायला पाहिजे. नाहीतर शहाद्याचा बँड आहेच.
मी हसून हो म्हटलं. तोंड मिटून हसलो.
जालमसिंग (आमच्या बँडात मोठा ढोल वाजवतो) सुरतेहून लाकडी खुळखुळ्यांची जोडी घेऊन आलाय. म्हणतो, मुंबईच्या बँडात असतात. मी म्हटलं, हा रॉयल इंपीरियल ब्रास बँड आहे, पाळणाघर नाही. अडगळीत टाकले.

२० फेब्रुवारी
दात घासताना रक्त आलं. रक्ताभिसरण उत्तम असल्याचं लक्षण. सरला म्हणते, तोंडना वास येस, तिकडे तोंड करी निजा. आजकाल लसूण फार जातो खाण्यात. लसूण कमी करायचा.

६ मार्च
कोरीटच्या साखरपुड्यात वरचा सूर घेताना पुढचा दात क्लॅरिनेटवर टेकला आणि हलला. सूर फाटला. दोधू दुसऱ्या क्लॅरिनेटवर असतो, मीच शिकवलाय. कानाशी येऊन म्हणाला, मास्तर, तुम्ही बठा, मी वाजाडस. चारचौघांत! मी त्याला सांगितलं, तुझी जागा मागे आहे. क्लॅरिनेटच्या तोंडातली रीड, म्हणजे वेताची पट्टी, खराब होती, बाकी काही नाही.

८ मार्च
दातांच्या डॉक्टर भरूचांना दाखवलं. फक्त रीडबद्दल मत घ्यावं म्हणून. त्यांनी चिमट्याने एकेक दात हलवून पाहिला आणि पायोरिया म्हणाले. घाण साचून साचून दातांखालचं हाड झिजलंय. मी विचारलं, हाड परत कधी येईल. ते म्हणाले, येत नाही. आहे तेवढं राखा, मशेरी सोडा, दातांची घाण काढून घ्यायला दर आठवड्याला या, आणि क्लॅरिनेट दुसऱ्याला द्या.
क्लॅरिनेट दुसऱ्याला द्या! यांच्या घरी कोणी स्टेथोस्कोप मागायला गेलं तर देतील का? फार संताप झाला. घरी येऊन मशेरी लावली, तेव्हा कुठे डोकं शांत झालं.

१५ मार्च
मोडलेलं हाड जुळतं. जगाला ठाऊक आहे. मग झिजलेलं का भरू नये? डॉक्टर इंग्रजी शिकले, विचार करायला शिकले नाहीत.
तळोद्याच्या बाजारात गेलो. डोंगरातून येणारी बुधीबाई मुळ्या-पाल्याची टोपली घेऊन बसते. हाडजोडी, म्हणजे कांडवेल, मागितली. तिने सांगितलं की तिच्या बैलाचा मोडलेला पाय या वेलीने जुळला. वाटून लावायची, वर बांबूच्या कामट्या बांधायच्या, आणि बैलाला हलू द्यायचं नाही. बैल आज गाडी ओढतो. माझे तर नुसते दात आहेत.
दातांना लावायची का, हे ती विचारत होती, पण मोटार सुटत होती.

१६ मार्च
कांडवेल वाटून हिरड्यांना लावली. आग! जीभ सुजली. बोलता येत नाही. औषध लागू पडतंय.

१७ मार्च
पेज प्यालो. सरला दिवसभर फार खुशीत होती. कारण विचारता आलं नाही.

२ एप्रिल
सूज उतरली. दात हलतातच. आज डोक्यात प्रकाश पडला. कामट्या राहिल्या! बैलाला हलू दिलं नव्हतं, माझे दात मात्र दिवसभर हलताहेत. दोष औषधाचा नाही, बंदोबस्ताचा आहे.

४ एप्रिल
छगन सोनाराकडून पुढचे वरचे सहाही दात चांदीच्या बारीक तारेने एकमेकांना बांधून घेतले. छगन म्हणाला, हाई तार पक्की शे, पण दातसना भरोसा मी देस नही. भरोसा मागितलाय कोणी? बोट लावून पाहिलं. एकटा दात हलत नाही. सहा एकदम किंचित हलतात, पण ती एकी आहे.
भरूचांकडे जायचं रद्द. दात घासणंही तूर्त बंद, तार ढिली होईल.

२५ एप्रिल
हाड भरतंय. आतून जाणवतं. थोडं ठणकतं, थोडा पू येतो, पण नवीन काही उगवताना असं होणारच. तालमीत अर्धा सूर धरला. दोधू काळजीने बघत होता. काळजी कसली, वाट बघत होता. त्याला स्पष्ट सांगितलं, लोणखेड्याला पुढे मी.

९ मे
उद्या. कोट इस्त्री केला. सरलाने विचारलं, दोधूले वाजाडू दिधं तर काय बिघडी? पंचवीस वर्षं या जिल्ह्यातले नवरदेव माझ्या सुरावर मांडवात गेले. दोधूला पुढे केला तर मी कोण? ढोलामागून चालणारा एक म्हातारा. हे तिला कसं सांगायचं.

११ मे
काल मांडवाच्या दारात नवरदेव घोड्यावरून उतरला. मी सूर धरला. जुना सूर. उत्तमरावांनी डोळे मिटले. मी अजून वर गेलो, नेटाने दात टेकवले आणि तोंडात काहीतरी सुटलं. सहाच्या सहा. तारेत ओवलेले, क्लॅरिनेटच्या तोंडाशी लोंबत होते. एक म्हातारी म्हणाली, अय माय, कवळी!
सूर मात्र तुटला नाही. मागून दोधूने तिथूनच उचलला होता. नवरदेव त्याच सुरावर आत गेला. बऱ्याच लोकांना काही कळलंच नाही. हे जास्त लागलं.

१३ मे
भरूचा ओरडले नाहीत. दातांची माळ हातात घेऊन म्हणाले, तारेने दात दाताला बांधला जातो, मास्तर, जबड्याला नाही. खाली हाड उरलंच नव्हतं. निदान एकदोन तरी थोडे दिवस टिकले असते, पण त्यांनाही बाकीच्यांनी ओढून नेलं.
उत्तरादाखल मी काहीतरी बोललो. नुसती हवा आली.

२८ मे
माझं क्लॅरिनेट दोधूला दिलं. तो पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. मग पुन्हा पुढे केले.

४ जून
तळोद्याला लग्न. घरी बसवेना. ढोल खांद्याला पेलत नाही, झांजेला माणूस आहे. अडगळीतून खुळखुळे काढले. जालमसिंगने बघितलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. भला माणूस.
मागच्या रांगेत चालत होतो. एका बाईच्या कडेवरचं सहा महिन्यांचं तान्हं माझ्याकडे एकटक बघत होतं. खुळखुळा हलवला तसं तोंड भरून हसलं. नुसतं बोळकं. मीही हसलो, किती महिन्यांनी तोंड उघडून.
त्याला येतील.