ईरजचा पिरोजा

९ मेहर, सोमवार

ईरज आला होता. सकाळीच! मी अजून पायजम्यात. बोटातली अंगठी काढून त्याने चहाच्या बशीत ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, जरा बघ. माझ्या गुलनारला लग्नात हीच द्यायची आहे. तू पाहिलीस म्हणजे झालं."

नवरामुलगा नीशापूरचा, पिरोज्याच्या खाणींच्या गावचा. त्याचा काका उस्ताद हैबत, चाळीस वर्षं पिरोजे घासतोय. लग्नात मुलीकडचा खडा हातात घेतो, नखाने बघतो, जिभेला लावतो म्हणे. "त्याच्यापुढे मान खाली जायला नको रे," ईरज म्हणाला.

अंगठी मीच दिलेली. चोवीस वर्षांपूर्वी, गुलनार जन्मली तेव्हा. त्याच हिवाळ्यात माझ्या फरंगीसचं आतडं फुटलं होतं आणि गुडघाभर बर्फातून तिला इस्पितळात नेलं ते ईरजने. बायकोच्या जिवाची परतफेड म्हणून दिली होती.

"ठेवून जा," म्हटलं. "आज उजेड बरा नाही."

उजेड लख्ख होता.

१० मेहर, मंगळवार

उत्तरेच्या खिडकीत बसून खडा पाहिला. दहा वाजता पाहिला, चारला पाहिला. रंग झकास. एक रेघ नाही, डाग नाही, घुमट गोल. आणि तेच तर वाईट! ईरजने आयुष्यभर पाणीखात्यात इंजिनियर म्हणून पंप दुरुस्त केले. या अंगठीला तेल लागलं, साबण लागला, घाम लागला. खरा पिरोजा हे सगळं पितो आणि हिरवटतो. हा पहिल्या दिवसासारखा. चोवीस वर्षांत तो म्हातारा झाला, मी झालो, खडा नाही झाला.

गुडघे फार दुखतात. लवकर आडवा होतो.

१३ मेहर, शुक्रवार

इथे तरी खरं लिहावं. दुसरं कोण वाचणार आहे!

मला हे आज कळलेलं नाही. तेव्हा बाजारात एका दुकानदाराकडून एकदम चार खडे घेतले होते. पारखले कोणी? त्यानेच! विकणारा तोच, "जुन्या खाणीचा माल आहे, आगा" म्हणून शपथ घेणारा तोच. कुंपणच शेत खात होतं आणि मी मास्तर, शहाणा, मान डोलावत होतो. सहा वर्षांनी घरातल्या तिन्ही खड्यांना मागून तापलेली सुई टेकवली. प्लास्टिक जळल्याचा वास. तिन्ही भुसभुशीत दगड, आत राळ भरून घट्ट केलेले, वर रंग.

तिन्ही फेकले. चौथा ईरजच्या बोटात होता.

सांगायला हवं होतं. दर वर्षी म्हणायचो, नौरोज झाला की सांगू. अठरा नौरोज झाले. मधल्या काळात लोक मला खडे दाखवायला येऊ लागले, 'मास्तरची नजर' म्हणू लागले. मग तर आणखीच अवघड झालं. आपलेच दात, आपलेच ओठ.

१६ मेहर, सोमवार

खडे पारखणाऱ्या ताबंदे खानमकडे जावं का? कान सोनारानेच टोचलेले बरे. ती बाई खडे विकत नाही, घेत नाही, म्हणून मी तिला मानतो. खड्यामागे ठरलेली फी घेते, मग तो पन्नास तुमानचा असो की पाच कोटींचा. कोणाचा आहे विचारत नाही. गोड बोलत नाही. गेल्या वर्षी एका हाजीने "नीट बघा ना जरा, खानम," म्हटलं, तर म्हणाली, "नीटच बघितलंय. तुम्ही खरेदी करताना बघायला हवं होतं."

बसस्टॉपपर्यंत गेलो. परत आलो. गुडघ्याचं निमित्त.

१७ मेहर

काही नाही. डाळिंबं आणली.

२० मेहर, शुक्रवार

ईरज आला. ठरवलं होतं, आज सांगायचंच.

"काय मग, खरा आहे ना?"

"तुझ्या बोटातला आहे, म्हणजे काय..."

"सरळ सांग, मास्तर."

"चांगला आहे रे!"

त्याने चहा बाजूला सारला. पुन्हा म्हणाला, "मला सांगायला तुला काय झालंय? सांग की." हे हळू म्हणाला.

मी उठलो, कपाट उघडलं, माझा आसमानी पिरोजा काढला. तीन खेपांनी, भांडून, ताबंदे खानमचा खरेपणाचा कागद घेऊन मिळवलेला. माझ्याकडे त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. म्हटलं, "तुझा खडा दांडगा आहे, मुलीचं बोट नाजूक. हा बसव तिला. तुझा मला असू दे, आठवण म्हणून. पेशकश, माझ्याकडून भेट!"

वाटलं, नको म्हणेल. ईरजला साधा चहा दिला तरी तीनदा नको म्हणतो, मग अर्धा पितो. माणूस तीनदा नको म्हणेल, तेवढ्यात मला काही सुचेल, असा हिशेब.

त्याने खडा रुमालात बांधला. "बरं," म्हणाला. उठला. एकदाही नको नाही!

चहा तसाच राहिला.

२१ मेहर, शनिवार

फरंगीस म्हणाली, "मनाने दिलात ना? मग असं तोंड पाडून का बसलाय?"

मनाने कुठे दिला! जिभेने दिला. माझा आसमानी गेला आणि त्याने साधं "नको रे" सुद्धा म्हटलं नाही. लाज वाटते, पण राग येतो त्याचा. एक बरं, गुलनारची लाज राहील. ते तरी झालं.

२७ मेहर, शुक्रवार

ईरज आज आमच्या शुक्रवारच्या बुद्धिबळाला आला नाही. फोनही नाही. लग्नघर आहे, चालायचंच.

४ आबान, शुक्रवार

काल लग्न झालं. उस्ताद हैबतने गुलनारचा हात खिडकीकडे नेला, खडा बघितला, जिभेला नाही लावला. "याला काय पारखायचं!" म्हणाला. "ज्याने निवडला त्याला डोळे आहेत." बायकांनी किल काढली, आनंदाची लांब ललकारी. गुलनार इतकी हसली की माझा सगळा राग गेला. पोर माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली.

"कोणी निवडला?" हैबतने विचारलं. मी तीन हातांवर उभा. ईरज म्हणाला, "एका ओळखीच्या माणसाने."

ओळखीच्या!

झोप नाही. आता पुरे. सांगून टाकतो, जे व्हायचं ते होवो. आधी ताबंदे खानमकडून कागद घेतो. कागद आणि अंगठी त्याच्यापुढे ठेवतो. म्हणजे मला शब्द फिरवता येणार नाहीत.

५ आबान, शनिवार

ताबंदे खानमने अंगठी भिंगाखाली धरलीच नाही. "ही माझ्याकडे होऊन गेलीय. एका खड्याची फी मी दोनदा घेत नाही." रजिस्टर उघडून दाखवलं. ४ मेहर. राळ भरलेला. खाली ईरजची सही.

म्हणाली, "मी कागद देत होते, पण इंजिनियरसाहेब नको म्हणाले. म्हणाले, देणारा माझा मित्र आहे. मी विचारलं की तो सांगेल मला."