न कुरकुरणारी गाडी

प्रिय भोवऱ्या,

तर सगळ्यांत आधी अवतरली ती सासू. आपल्या गल्लीत एक टेम्पो धापा टाकत चढत होता, त्याला मागे दोराने बांधलेली आपली गाडी होती, गाडीत स्टिअरिंग धरून तोंड एवढंसं केलेली तिची लेक होती आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जावई. पण टेम्पो थांबायच्या आत ही बाई उतरून फाटकाशी हजर. मी खिडकीत मटार सोलत बसले होते. मला वाटलं, मागच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले असतील, आपल्याकडे आता कोण येतंय! तर ती खालूनच ओरडली, अहो आजी, तुमची लाडकी परत आणलीय, ओवाळून घ्या. मला इतकं हसू आलं की मटारांचं भांडं मांडीवरून घरंगळलं. अजून एखादा दाणा पायाखाली येतो.

तुला आठवतात ना ही मंडळी? गाडी घ्यायला आली होती तीच. लेक सुईण आहे, घरोघरी जाऊन बाळंतपणं करते. जावई शिलाई मशीन दुरुस्त करतो, बोलतो कमी, बघतो जास्त. आणि सासू त्या दोघांच्या वाटचंही बोलते. त्या दिवशी ती आली नव्हती, घर राखायला थांबली होती, म्हणून आमची ओळख राहून गेली होती. ती असती तर सौदा वेगळाच झाला असता, असं ती स्वतःच म्हणते.

त्या दिवसाचं मला किती कौतुक वाटलं होतं तुझं! तू सकाळीच आलास, गाडी धुतलीस, काचा वर्तमानपत्राने पुसल्यास, तुझे आजोबा पुसायचे तशाच. ती मंडळी यायच्या आधी गाडी सुरू करून ठेवलीस, म्हणालास, इंजिन गरम असलं की बरं असतं. मग जावयाने चालवून बघितली, तेव्हा तू शेजारी बसून गेलास, आणि परत आल्यावर त्याचा हात किल्लीकडे गेला तर म्हणालास, राहू दे, चालूच राहू दे, कागद काय दोन मिनिटांत होतील. मी वरून बघत होते. म्हटलं, किती शहाणा झालाय माझा भोवरा. लहानपणी एका जागी टिकत नव्हता, आणि आता मोठ्या माणसासारखा उभा राहून व्यवहार करतोय. गाडी माझ्या नावावर, सही माझी, पण सगळं तूच निस्तरलंस. मी फक्त खाली उतरून बाईसाहेबांच्या टपावरून एकदा हात फिरवला. आजोबा गाडीला बाईसाहेब म्हणायचे आणि मला नुसतं अगं. हात फिरवला, पण पत्रा गार की गरम तेही कळलं नाही मला.

ते न कळण्याचंच सांगायचंय. म्हणजे सांगायचं दुसरंच आहे, पण हे आधी. झोपेत हात अंगाखाली सापडला की तो आपला वाटत नाही बघ, कुणीतरी दुसऱ्याचा हात पलंगावर विसरून गेलंय असं वाटतं. तुझे आजोबा गेल्यापासून मी अख्खीच तशी झाले होते. लोक भेटायला आले, मी चहा केला. लोक रडले, मी त्यांना पाणी दिलं. तुझी आई माझ्या तोंडाकडे बघायची, आता रडेल, मग रडेल. मला आपलं वाटायचं, या सगळ्यांचं जेवण झालंय की नाही. एकदा दूध उतू गेलं, पातेलं तसंच हाताने उचललं, फोड दुसऱ्या दिवशी दिसला. हे तुम्हाला कुणाला बोलले नाही. काय बोलणार? दुखत असतं तर सांगितलं असतं.

सासूला मात्र बोलले. तिला वर बोलावलं, चहा टाकला, तिने एक घोट घेतला आणि म्हणाली, आजी, साखर दोनदा पडलीय. मी म्हटलं, हल्ली पडते. ती म्हणाली, माझे गेले तेव्हा मी वर्षभर भाजीत मीठ दोनदा घालत होते, हा तेव्हा जावई नव्हता, नुसता येऊन-जाऊन असायचा, बिचारा निमूट खायचा, म्हणून तर लेक दिली त्याला. आणि तो खारट-गोड चेहरा करून बसलेला जावई पहिल्यांदा हसला. भांडायला आलेली माणसं, पण इतकं बरं वाटलं घरात आवाज ऐकून. भांडू देत की, म्हटलं. बशा तरी कपाटातून निघाल्या.

हां, तर भांडण काय, ते सांगायचं राहिलं. ती मंडळी खाली कालव्याच्या बाजूला राहतात, तिकडे सगळं तळहातासारखं सपाट. आपल्याकडून गाडी घेऊन गेले ते मजेत गेले. दुसऱ्या दिवशी सुरूच होईना. शेजाऱ्यांनी ढकलली तेव्हा झाली. बॅटरी असेल म्हणून नवी टाकली, तरी तेच. मग एका दुपारी सुईणबाईंना बोलावणं आलं. पहिलटकरीण, कळा जोरात, घरात फक्त म्हातारे सासरे. ही पिशवी घेऊन गाडीत बसली, किल्ली फिरवते तर गाडी गप्प. जावई कामावर, गल्लीत चिटपाखरू नाही. शेवटी गाडी तिथेच टाकून ही पळत निघाली, वाटेत कुणाची तरी सायकल मागितली. पोचली तेव्हा बाळ आलेलं होतं, शेजारणीच्या हातात, आणि नाळ तशीच. सगळं सुखरूप आहे रे, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पण हे सांगताना तिने चहाची कपबशी दूर सारली.

मला खरंच कळेना. मी म्हटलं, अगं, आमची गाडी असं करायचीच नाही. शेजारच्यांच्या गाड्या बघ, सकाळी किती कुरकुरतात, खर्रर खर्रर करतात, मग कुठे सुरू होतात. मला त्यांची कीव यायची. आमची कधी कुरकुरली नाही. सासू म्हणाली, माझ्या दारात तर बाईसाहेबांनी मौनव्रत धरलंय. मी म्हटलं, तुम्हाला लावता येत नसेल. चला खाली, मी दाखवते. आणि उतरले की जिना! गुडघे दुखत होते की नाही, लक्षातच नाही.

टेम्पोवाल्याला म्हटलं, गल्लीच्या टोकाच्या पाण्याच्या टाकीपर्यंत वर ने, तिथे वळव, तोंड खाली करून तिच्या जागेवर लाव. लावली. मी माझ्या जागेवर बसले. जावयाला शेजारी बसवलं आणि तुझे आजोबा करायचे तसं सगळं करायला लावलं. किल्ली फिरव. पायाखालचं डावीकडचं दाबून ठेव. दांडी दोन नंबरला. आता ब्रेक सोड. गाडी अलगद घसरायला लागली. थांब, म्हटलं, घाई नको, पहिलं फाटक जाऊ दे, दुसरं जाऊ दे, तिसऱ्या फाटकापाशी पाय उचल. मी सवयीने पिशवी घट्ट धरायला गेले तर हातात मटाराचं साल होतं. त्याने पाय उचलला, हिसका बसला, आणि बाईसाहेब सुरू! एक कुरकुर नाही. मी टाळ्या वाजवल्या रे. काच खाली करून सासूला ओरडले, बघितलंत? ती रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी होती. ती गप्प, म्हणजे काय ते समज.

जावयाने गाडी खाली नेऊन वळवली, परत वर आणून फाटकाशी उभी केली, इंजिन बंद केलं. मग मला म्हणाला, आजी, हिला उतार नसताना सुरू झालेली कधी बघितलीय तुम्ही? अगदी हळू विचारलं, जसं लहान मुलाला विचारतात. मी म्हटलं, म्हणजे काय, हजारदा. आणि आठवायला लागले. बाजारात आम्ही गाडी कुठे लावायचो? वर, चढाच्या टोकाला, आणि मग खालपर्यंत चालत. दवाखान्यात? मागच्या उतरणीवर. तुझ्या आत्याकडे? पुलाच्या तोंडाशी, आणि तिचं घर किती लांब! मी दरवेळी कुरकुरायचे, दारात लावा की, माझे गुडघे काय दगडाचे आहेत? तर ते म्हणायचे, चाललेलं बरं असतं गं, हवा लागते. मला वाटायचं, ह्यांना माझ्याबरोबर चालायला आवडतं. इतकी वर्षं हात धरून मला उतारावरून खाली आणि परत वर आणलं, आणि एकदाही सांगितलं नाही की गाडीचं काहीतरी मोडलंय. सांगितलं असतं तर मी विकायला लावली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक. मी विकायला लावलीच असती.

ती खर्रर म्हणजे गाडीचा स्टार्टर शाबूत असल्याची चांगली खूण असते, हे मला या वयात जावयाने सांगितलं. ज्या गाड्यांची मी कीव केली त्या सगळ्या धडधाकट, आणि आपली मुकी. हस, हस. मीही हसले. सुईणबाई हसली नाही. तिने एवढंच विचारलं, आजी, मी त्या दिवशी स्पष्ट विचारलं होतं ना? माझं काम असं आहे की गाडी कुठेही, कधीही सुरू झाली पाहिजे. विचारलं होतं ना?

विचारलं होतं. शब्दन् शब्द आठवतो मला.

तुझ्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, आई, विकलं ते विकलं, आपलं काय दुकान आहे का हमी द्यायला? त्यांनी चालवून बघितली, कागदावर सही केली, आता डोळे उघडले तर आपला काय दोष? मग वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई खाली आल्या, चहाच्या वासाने आल्या असतील. त्यांनीही आधी मान डोलावली, म्हणाल्या, घरगुती व्यवहारात घेणाऱ्यानेच पारखून घ्यायचं असतं, आपल्याला ठाऊक नसलेल्या दोषाचं ओझं सहसा आपल्यावर येत नाही. पण त्याने विचारलं आणि आपण माहीत असून लपवलं, तर गोष्ट वेगळी. मी म्हटलं, मला ठाऊक होतं ते मी सांगितलं, खोटं नाही बोलले. त्यावर वकीलबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ते खरं, पण घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं का? मी दूध बघायला आत गेले. दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

तू त्याच गाडीवर शिकलास. टाकीपासून खाली, पुन्हा टाकीपासून खाली, दुपार दुपार. मी खिडकीतून ओरडायचे, अहो, पोराला सपाट मैदानावर न्या की, इथे कुणाच्या तरी फाटकात घालेल. आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसायचात. मला ते हसणं फार आवडायचं, म्हणून मी मुद्दाम पुन्हा ओरडायचे.

आता ऐक, भोवऱ्या, पत्र यासाठी लिहिलं. आजोबांचं गुपित राखलंस, त्याबद्दल मी तुला काही म्हणणार नाही, त्यांनीच तुझ्याकडून वचन घेतलं असेल. पैसे तुझ्या नव्या खोलीच्या अनामतीत गेले, ते मीच दिले, तेही परत मागत नाही. पण त्या मुलीने तुला विचारलं होतं, मला नाही. आणि तू चपलेच्या टोकाने माती उकरत म्हणालास, आजीला विचारा, ती इतकी वर्षं बसलीय गाडीत. मी छाती पुढे काढून सांगितलं, कधी कुरकुरली नाही हो, डोळे झाकून न्या. माझ्या तोंडावर विश्वास ठेवून नेली तिने. ती मंडळी गाडी घेऊन परत आली त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही, काल पोळपाट धुताना एकदम माझ्या ध्यानात आलं, आणि मला राग आला. इतका आला की लाटणं भिंतीवर आपटलं. मग भिंतीला टेकून बसले आणि रडले, तुझ्यावरून सुरू झालं ते आजोबांवर गेलं, त्या सगळ्या चढांवर गेलं. दबलेला हात जागा होताना मुंग्या येतात, सोसवत नाही आणि सोडवतही नाही, तसं झालं. आज सकाळी चहा गोड लागला, साखर एकदाच घातली होती. म्हणून मी खुशीत आहे, आणि तुझ्यावर रागावलेलीही आहे, दोन्ही खरं आहे, तू गोंधळू नकोस. त्या मंडळींना मी तुझं नाव घेऊन काही बोललेले नाही. एवढंच म्हटलं, गाडी इथेच राहू दे, ती दुरुस्त करून द्यायची की परत घ्यायची ते तुम्ही ठरवा, दोन्हीला मी तयार आहे. आणि कसं काय झालं ते माझा नातू स्वतः सांगेल. सासू म्हणाली, नातू येईल का पण? मी म्हटलं, येईल. पुन्हा एकदा छाती पुढे काढून सांगितलंय रे. ती मंडळी रविवारी सकाळी येतो म्हणालीत.

तुझीच,
आजी