खडकांवरच्या हाका

प्रिय बेरिलताई,

मी बरी आहे. गाडी चालते आहे, पाणीही भरपूर आहे. तुझा गुडघा कसा आहे? माझ्या कोंबड्या फार छळत नाहीत ना?

काल किनाऱ्यावर गाडी वाळूत रुतली. टायरमधली हवा कमी करायची राहूनच गेली; ते काम नेहमी क्लाइवचं. शेजारी तंबू ठोकलेल्या केल्विन नावाच्या म्हाताऱ्याने गाडी ओढून काढली. म्हणाला, "एवढी हवा पर्थच्या रस्त्यावर ठीक आहे, बाई! नवरा कुठे उलथलाय?"

"क्लाइव खडकांवर गेलाय, मासे धरायला," मी म्हणाले. का म्हणाले, मलाच कळत नाही.

आज सकाळी केल्विनने दोन मासे साफ करून आणले. एक क्लाइवसाठी, तो रात्री परतला असेल असं समजून. दुपारी पुन्हा आला. "अजून परतला नाही? अहो, त्या खडकांवरून लाट माणूस ओढून नेते!"

तेव्हापासून तो किनाऱ्यावर "क्लाइव! क्लाइव!" अशा हाका मारत फिरतो आहे. ताई, चार महिन्यांत ते नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलं नव्हतं. मी तंबूत बसून ऐकत राहिले. लाज वाटते सांगायला.

सगळ्यांना फोन तूच केलेस. मला ते एकदाही म्हणावं लागलं नाही. आता तोंड उघडतच नाही.

भरती चढते आहे आणि केल्विन लंगडत खडकांकडे निघाला आहे. इथे लिहून बघते, म्हणजे तिथे बोलता येईल.

क्लाइव वारला. माझा क्लाइव वारला.

जाते.

तुझीच,
नोरीन