हलव्याच्या पोटाची जबाबदारी

सोमवार, ३ फेब्रुवारी
शेजारची आमना आज मस्कतला नवऱ्याकडे गेली. तिचा पर्शियन बोका माझ्या ताब्यात. रंग मासळीबाजारातल्या काळ्या हलव्यासारखा, म्हणून नाव हलवा. आमना पुढच्या शुक्रवारी परत. तिची रोह्याची नणंद हिना म्हणाली आहे की हलवा नीट राहिला तर मे महिन्यात तिची दोन्ही मांजरं माझ्याकडेच. म्हणजे माझ्या ‘पेण-रोहा कॅट केअर’ची सुरुवात झालीच. शांत डोकं हा माझा मुख्य गुण.
संकल्प : दोन वेळा ब्रश. काळजी करायची नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
सकाळी हलवा खोकला. मी मुळीच घाबरले नाही. आमनाला फक्त सात व्हॉइस मेसेज पाठवले आणि लगेच डिलीट केले. तिला उगाच कशाला टेन्शन.
यूट्यूबवर सगळं समजलं. हेअरबॉल. मांजर अंग चाटतं, केस पोटात जातात, गोळा होतो. ओकून पडला तर ठीक. आतड्यात अडकला तर ऑपरेशन. ओकारी कशी ओळखायची ते बायजाआत्याला करून दाखवलं. आत्या म्हणाली, गो पोरी, मांजर बरा हाय, तुलाच काय झालाय?

गुरुवार, ६ फेब्रुवारी
घरभर केस. उशीवर, बाथरूममध्ये, कालवणात. काही तर हातभर लांब. पर्शियन जातच तशी. ब्रशमध्ये मात्र चिमूटभर येतात. ब्रश निकृष्ट आहे. दुसरा मागवला.
आई म्हणाली, तुझी वेणी बारीक झाली का गं? विषय बदलायची तिची जुनी सवय.

शनिवार, ८ फेब्रुवारी
उपाय पहिला : उकडलेला लाल भोपळा. हलव्याने वास घेतला आणि मांजरं घाणीवर माती ओढतात तशी पंज्याने त्यावर फरशी ओढली. आत्याने त्याच वाटीत सुका जवळा टाकला. वाटी चाटून साफ, भोपळा बाजूला. खारट खाणं बरं नव्हे असं मी सांगितलं. आत्या म्हणाली, मग तूच खा तो भोपळा, वाया नाय जायचा. खाल्ला.
दुपारी केसांवर भांडी देणारी बाई आली. विंचरलेले केस उघड्यावर टाकायचे नाहीत, गुंतवळ जपून ठेवायचं, हे मला आईने शाळेच्याही आधी शिकवलंय. मी आजवर एक केस वाऱ्यावर सोडलेला नाही. पलंगाखालची पिशवी ओढली तर जवळजवळ रिकामी, आणि कोपरा फाटलेला. उंदीर! हलवा पिशवीपाशीच बसला होता. सांगितलं नसताना पहारा देतोय. गुणी जीव.

रविवार, ९ फेब्रुवारी
उपाय दुसरा : गव्हाचे कोंब. आज कुंडीत चांगले बोटभर आले होते. दहा वाजता आत्याच्या कोंबड्या आल्या. कोंबड्यांना आता हेअरबॉल होणार नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
हलवा जेवला नाही. जवळासुद्धा नाही. शी-शूचा ट्रे कालपासून कोरडा. ओकाऱ्या काढतो, बाहेर काहीच येत नाही. मी पूर्ण शांत आहे. आई म्हणाली, शांत आहेस तर चपला घालून देवघरात काय करतेस?
खरं लिहायचं तर तो ओरडतही नाही, नुसता माझ्याकडे बघतो. आमना विमानतळावरून घरी न जाता थेट इथे येणार आहे. तेव्हा दारात हा नसला तर?

मंगळवार, ११ फेब्रुवारी
रिक्षाने डॉक्टरांकडे. मांडीवर टोपली, टोपलीत हलवा, शेजारी आत्या. डॉक्टर नम्रता माझ्याहून थोड्याच मोठ्या. पर्शियन केसांबद्दल मी त्यांना सविस्तर माहिती दिली. त्यांनी ऐकून घेतली. मग हलव्याचं पोट दाबून पाहिलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, इथेच थांबा. गोळा नाहीच पडला तर पनवेलला न्यावं लागेल, पोट उघडायला. मी देवाला म्हणाले, कॅट केअर नको, हिना नको, फक्त हा राहू दे.
बऱ्याच वेळाने हलवा टेबलावरच ओकला. बोटाएवढा गोळा. डॉक्टरांनी तो चिमट्याने उलगडला. उलगडतच राहिल्या. केस टेबलाच्या कडेवरून खाली लोंबायला लागले. टोकं तांबूस.
डॉक्टरांनी हलव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. विचारलं, मेंदी लावता का?
मी म्हणाले, हो, पण हलव्याला नाही लावत.
आत्या इतकी हसली की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. म्हणाली, अगो बये, तुझा गुंतवळ खाल्लान त्यानं! पिशवीवर पहारा म्हणं!
डॉक्टरांनी हलव्याला हेअरबॉलची पेस्ट लिहून दिली. मला हिमोग्लोबिन तपासायला सांगितलं. काळजीनेही केस गळतात म्हणाल्या. मी काळजी करत नाही हे त्यांना तीनदा सांगितलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
हलवा ठणठणीत. आमना बॅगांसकट आली. मी दारातच सगळं कबूल केलं, न विचारलेलंसुद्धा. ती हसून हसून बॅगेवरच बसली आणि तिथूनच हिनाला फोन लावला. हिनाची मांजरं मेमध्ये नक्की येणार. आत्याकडे. हिना म्हणाली, ज्यांच्या हातचा जवळा खातो त्या बाईंशी बोलू द्या.
म्हणजे एकूण धंदा घरातच आला. शाखाविस्तार म्हणता येईल. आत्याने मला असिस्टंट ठेवलंय. पाणी बदलायचं, ट्रे धुवायचा. डोक्याला फडकं बांधल्याबिगर मांजराजवळ यायचा नाय, ही अट.
संध्याकाळी आत्याबरोबर आमनाकडे फडकं बांधून गेले, सराव म्हणून. हलवा माझ्यावर फिस्कारला आणि आत्याच्या मांडीवर जाऊन बसला.